त्रिकोणमितीविना कोनशोध : प्रस्तावना

आकृतीतील काही कोनांची मापे दिलेली असताना उरलेल्या एखाद्या कोनाचे माप शोधणे, हा भूमितीतील अत्यंत परिचित प्रश्नप्रकार होय. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०° असते, परस्परविरुद्ध कोन समान असतात, समांतर रेषांच्या छेदिकेने केलेले व्युत्क्रम कोन समान असतात, एवढ्या भांडवलावर शालेय विद्यार्थी असे पुष्कळ प्रश्न सोडवतो. परंतु या प्रश्नांमध्ये एक वर्ग असा आहे की ज्यात आकृती साधी असते, दिलेली मापे १०° च्या पटीत असतात, उत्तरही तितकेच सुटसुटीत असते, आणि तरीही वरील गुणधर्म कितीही वेळा लावले तरी ते उत्तर हाती लागत नाही. अशा प्रश्नांची शुद्ध भूमितीच्या मार्गाने, म्हणजे त्रिकोणमितीचा आश्रय न घेता केलेली उकल हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

‘त्रिकोणमितीविना’ या मर्यादेचा अर्थ आरंभीच निश्चित केला पाहिजे. साइन, कोसाइन व टॅन ही गुणोत्तरे, त्यांची कोष्टके, साइनचा नियम आणि निर्देशक भूमिती ही साधने येथे वर्ज्य आहेत. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज, समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय व त्याचा व्यत्यास, समभुज त्रिकोणाचे गुणधर्म, एकरूपतेच्या कसोट्या, समांतर रेषांचे गुणधर्म आणि वर्तुळातील अंतर्लिखित कोनांचे प्रमेय ही साधने ग्राह्य आहेत. यांपैकी बहुतेक सर्व साधने युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या ग्रंथात सिद्ध झालेली असून, समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय तर त्याच्या पहिल्या खंडातील पाचवेच विधान आहे.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्रश्न एडवर्ड मॅन लँग्ली यांनी १९२२ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या इंग्लंडमधील नियतकालिकात मांडला. लँग्ली हे बेडफर्ड येथील शाळेत गणिताचे अध्यापक होते आणि १८९४ साली सुरू झालेल्या या नियतकालिकाचे पहिले संपादकही तेच होते. भूमितीच्या अध्यापनात सुधारणा व्हावी या उद्देशाने १८७१ साली स्थापन झालेल्या शिक्षकांच्या संस्थेतून हे नियतकालिक निघाले होते. त्यामुळे शाळेच्या फळ्यावर सहज काढता येईल अशा आकृतीचा, पण जाणत्या शिक्षकालाही थांबून विचार करायला लावणारा प्रश्न त्यात प्रसिद्ध व्हावा, हे त्या परंपरेला धरूनच होते.

प्रश्न असा आहे. अबक हा समद्विभुज त्रिकोण असून त्यात अब = अक, शिरोकोन अ २०° चा आणि पायालगतचे ब व क हे दोन्ही कोन ८०° चे आहेत. बाजू अब वर प हा बिंदू असा घेतला की ∠अकप = ३०°, म्हणजेच ∠बकप = ५०°. बाजू अक वर ड हा बिंदू असा घेतला की ∠अबड = २०°, म्हणजेच ∠डबक = ६०°. रेख डप काढला, तर ∠बडप = ३०° असतो हे सिद्ध करावयाचे आहे.

प्रश्न हाती घेणारा प्रथम कोनांच्या बेरजा मांडू लागतो, आणि हा स्वाभाविक मार्ग कोठे अडतो हे नेमके समजून घेणे या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बड आणि कप हे रेख जेथे छेदतात त्या बिंदूपाशी, बक या पायावरील त्रिकोणाचा तिसरा कोन १८०° − ६०° − ५०° = ७०° येतो. त्याचा विरुद्ध कोनही ७०° चा असल्याने, ∠बडप ला स आणि ∠कपड ला ह म्हटले, तर स + ह = ११०° हे समीकरण मिळते. दोन अज्ञात मापांसाठी आणखी एक समीकरण हवे, म्हणून वरच्या अपड या त्रिकोणाकडे वळावे, तर तेथे ∠अडप = १४०° − स आणि ∠अपड = १३०° − ह असून, त्यांची बेरीज १६०° असली पाहिजे या अटीतून पुन्हा स + ह = ११०° हेच समीकरण उभे राहते. आकृतीतील कोणताही त्रिकोण किंवा चौकोन घेतला तरी फलित हेच राहते. हा सोडवणाऱ्याच्या कौशल्याचा दोष नाही; कोनांच्या बेरजांमध्ये असलेली माहिती एवढ्यातच संपते. ती सर्व समीकरणे स = २०°, ह = ९०° या जोडीनेही पूर्ण होतात आणि स = ४०°, ह = ७०° या जोडीनेही होतात. त्यांतून खरी जोडी निवडायची तर कोनांपलीकडची, म्हणजे लांबीविषयीची माहिती आकृतीतूनच काढावी लागते.

ती माहिती बाहेर काढणारी सुंदर सिद्धता जेम्स मर्सर यांनी १९२३ साली दिली. तिच्यात एकच रचना आहे : बाजू अक वर म हा बिंदू असा घ्यावा की ∠कबम = २०°. आता त्रिकोण बकम मध्ये क पाशी ८०° आणि ब पाशी २०° असल्याने म पाशीही ८०° येतात, म्हणून बम = बक. त्रिकोण बकप मध्ये ब पाशी ८०° आणि क पाशी ५०° असल्याने प पाशी ५०° येतात, म्हणून बप = बक. अर्थात बम = बप; आणि त्या दोहोंमधील ∠पबम = ८०° − २०° = ६०° असल्यामुळे त्रिकोण बपम समभुज ठरतो व पम हीदेखील तेवढ्याच लांबीची बाजू होते. पुढे त्रिकोण बमड मध्ये ∠मबड = ६०° − २०° = ४०° आहे, आणि ∠बडम हा त्रिकोण बकड चा तिसरा कोन म्हणून १८०° − ६०° − ८०° = ४०° आहे, म्हणून मड = मब. अशा रीतीने बक, बम, बप, पम आणि मड हे पाच रेख समान लांबीचे आहेत हे दिसून येते. आता ∠बमड = १००° असून त्यातील ∠बमप = ६०° आहे, म्हणून ∠पमड = ४०°; आणि मप = मड असल्याने ∠मडप = ७०°. त्यातून ∠मडब चे ४०° वजा केले की ∠बडप = ३०° उरतो.

या सिद्धतेत युक्लिडच्या पहिल्या खंडाबाहेरचे एकही प्रमेय वापरलेले नाही. तिचे सामर्थ्य एका दुहेरी प्रवासात आहे : दोन कोन समान आहेत यावरून दोन बाजू समान आहेत असे ठरवायचे, त्या समान बाजू एकमेकींशी जोडून नवा समद्विभुज किंवा समभुज त्रिकोण मिळवायचा, आणि त्या त्रिकोणाच्या समान बाजूंवरून पुन्हा समान कोनांकडे यायचे. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास हे या प्रवासाचे जाणे आणि येणे होय. कोनांच्या बेरजा जेथे थांबतात तेथून पुढे नेणारे दुसरे समीकरण या लांबीच्या समानतेतूनच मिळते. म्हणून या विषयाचे मुख्य सूत्र एका वाक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल की, कठीण कोनशोध हा वस्तुतः समान लांबींचा शोध असतो, आणि पूरक रचना, म्हणजे मूळ आकृतीत नसलेली पण सिद्धतेसाठी काढलेली रेषा, त्या समान लांबी दृष्टीस आणून देण्यासाठीच असते.

हे सूत्र एका प्रश्नापुरते नाही हे दाखवण्यासाठी त्याच त्रिकोणातील दुसरा प्रश्न पाहणे उपयुक्त आहे. ड हा बिंदू पूर्वीचाच ठेवावा; परंतु अब वर प ऐवजी त हा बिंदू असा घ्यावा की ∠अकत = १०° आणि ∠बकत = ७०°. आता ∠कतड किती, हा प्रश्न आहे. येथेही कोनांच्या बेरजा अपुऱ्या पडतात. ड मधून पाया बक ला समांतर रेषा काढावी. ती अब ला ट मध्ये छेदते. कट आणि बड यांचा छेदनबिंदू र मानला, तर आकृतीच्या सममितीमुळे ∠टकब हाही ६०° चा असतो, म्हणून त्रिकोण रबक आणि त्रिकोण रडट हे दोन्ही समभुज ठरतात. अर जोडल्यास सममितीमुळेच तो शिरोकोनाला दुभागतो, म्हणून ∠रअक = १०°; आणि ∠रकअ = ८०° − ६०° = २०°. आता त्रिकोण अरक आणि त्रिकोण कतअ यांची तुलना करावी : दोहोंत अक ही बाजू सामाईक आहे व तिच्या टोकांशी एकीकडे १०° आणि २०°, तर दुसरीकडे २०° आणि १०° असे कोन आहेत, म्हणून कोबाको कसोटीने, म्हणजे दोन कोन व त्यांमधील बाजू समान असल्याने, हे त्रिकोण एकरूप होतात आणि अत = कर = बर असे मिळते. ∠डअब आणि ∠डबअ हे दोन्ही २०° चे असल्याने अड = बड; आणि टड हा पायाला समांतर असल्याने अट = अड. म्हणून अट मधून अत वजा केला असता उरणारा तट हा बड मधून बर वजा केल्यावर उरणाऱ्या डर एवढा, म्हणजेच डट एवढा आहे. त्रिकोण टतड अशा रीतीने समद्विभुज ठरला. त्याचा ट पाशी असलेला कोन ८०° चा आहे, म्हणून त पाशी ५०° येतात. त्रिकोण बतक मध्ये ∠बतक = १८०° − ८०° − ७०° = ३०° आहे, आणि ५०° मधून हे ३०° गेले की ∠कतड = २०° उरतो.

या दोन सिद्धता एकमेकींशेजारी ठेवल्या की पूरक रचनेसंबंधीचा एक समज दूर होतो. अशी रेषा सुचणे हे दैवी प्रतिभेचे काम आहे, सामान्य विद्यार्थ्याला ते साधणार नाही, असे पुष्कळदा मानले जाते. प्रत्यक्षात पहिल्या प्रश्नात बप = बक ही समानता दिलेल्या मापांतच दडलेली आहे, आणि बक एवढीच लांबी ब पासून आणखी कोणत्या दिशेला मिळेल असा प्रश्न विचारला की म हा बिंदू आपोआप समोर येतो; बप शी ६०° चा कोन साधण्याची शक्यता दिसताच त्याची निवड पक्की होते. दुसऱ्या प्रश्नात ∠डबक = ६०° हे मापच समभुज त्रिकोण पूर्ण करण्याची सूचना देते. समान लांबी कोठे आहेत, ६०° कोठे मिळतात आणि आकृतीची सममिती कोणत्या रेषेभोवती आहे, हे तीन प्रश्न शिस्तीने विचारण्याची सवय लागली, तर रचना शोधणे हे शिकता येण्याजोगे आणि शिकवता येण्याजोगे कौशल्य आहे.

त्रिकोणमिती वर्ज्य करण्यामागे तिच्याविषयी अनादर नाही. ग्रहगणिताच्या गरजेतून वाढलेल्या या शास्त्रात भारतीय गणितींचा वाटा मोठा आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात वर्तुळाच्या चौथ्या भागाएवढ्या कंसाचे २४ समान भाग कल्पून, ३° ४५′ च्या अंतराने अर्धज्यांच्या, म्हणजे आजच्या भाषेत साइनच्या, कोष्टकाची सामग्री दिली. आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त ज्योत्पत्तीचा, म्हणजे अशा ज्या सिद्ध करण्याच्या रीतींचा, स्वतंत्र विचार केला. लँग्ली यांचा प्रश्नही त्रिकोणमितीने सुटतोच. बक ची लांबी १ मानली, तर बप = १ आणि साइनच्या नियमाने बड = २ कोसाइन ४०° येतो; त्रिकोण बपड ला तोच नियम पुन्हा लावला की २ × कोसाइन ४०° × साइन स = साइन (स + २०°) हे समीकरण मिळते. कोसाइन ४०° आणि साइन ५०° समान असल्याने स = ३०° घेताच हे समीकरण पूर्ण होते, आणि योग्य मर्यादेत दुसरे उत्तर संभवत नाही हेही दाखवता येते. ही सिद्धता निर्दोष आहे. मात्र तिच्यात ३०° हे उत्तर समीकरणाला जुळते एवढे कळते. आकृतीत असे काय आहे की ज्यामुळे तो कोन ३०° चा व्हावा, हे पाच समान रेखांवरूनच कळते. गणनयंत्रावर दशांश स्थळांपर्यंत ३० हा आकडा मिळवणे ही तर सिद्धताही नव्हे. शुद्ध भूमितीचा आग्रह आहे तो या ‘का’च्या उत्तरासाठी.

या आग्रहाला पुष्टी देणारी आणखी एक वस्तुस्थिती आहे. पिएर वांत्सेल यांनी १८३७ साली असे सिद्ध केले की पट्टी व कंपास एवढ्याच साधनांनी ६०° च्या कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत. म्हणजेच २०° चा कोन या साधनांनी अचूक काढता येत नाही. कोसाइन २०° ही संख्या ८य³ − ६य − १ = ० या घन समीकरणाचे बीज आहे, आणि ती परिमेय संख्यांपासून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमुळे यांच्या साहाय्याने मिळत नाही, हे त्यामागील कारण होय. लँग्ली यांचा मूळ त्रिकोणच अशा रीतीने पट्टी-कंपासच्या आवाक्याबाहेरचा आहे; तरीही तो दिलेला आहे असे मानले, तर त्याच्या आतील कोनांविषयीचे सत्य युक्लिडच्या प्राथमिक प्रमेयांनी निःशंकपणे स्थापित होते. आकृती काढता येणे आणि आकृतीविषयी सिद्धता देता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा याहून स्पष्टपणे क्वचितच शिकवता येईल.

अशी सुटसुटीत उत्तरे किती दुर्मिळ आहेत याची जाणीवही वाचकाला असली पाहिजे. लँग्ली यांच्या प्रश्नात ∠बकप ५०° ऐवजी ५५° घेतला, तर ∠बडप सुमारे ४१.८° येतो आणि त्यासाठी कोणतीही सुबक भूमितीय सिद्धता उपलब्ध नसते. लँग्ली यांच्या आकृतीतील बकडप सारख्या ज्या चौकोनात बाजू आणि कर्ण यांच्यामधील सर्व कोनांची मापे अंशांत परिमेय संख्यांनी व्यक्त होतात, त्याला येथे आगंतुक कोनांचा चौकोन म्हटले आहे, कारण त्यातील शोधावयाच्या कोनाचे सुटसुटीत माप अपेक्षा नसताना येऊन ठेपते. १९७५ साली कॉलिन ट्रिप यांनी आणि १९७८ साली जॉन रिग्बी यांनी ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्येच अशा कोनांचा व चौकोनांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

या अभ्यासाचा धागा एका अनपेक्षित प्रदेशात जातो. लँग्ली यांच्या आकृतीतील ब, क आणि ड यांमधून वर्तुळ काढावे. त्रिकोण बकड चे कोन ६०°, ८०° आणि ४०° असल्याने हे तीन बिंदू त्या वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या सुसम अठराभुजाकृतीचे, म्हणजे सर्व बाजू व सर्व कोन समान असलेल्या १८ बाजूंच्या आकृतीचे, शिरोबिंदू मानता येतात. तिच्या प्रत्येक बाजूने परिघावर १०° चा कोन अंतरित होतो, म्हणून एका शिरोबिंदूतून निघणाऱ्या कर्णांमधील कोन १०° च्या पटीत असतात. अशा स्थितीत ‘∠बडप = ३०°’ या विधानाचा अर्थ असा होतो की, ब, क आणि ड यांतून जाणारे या आकृतीचे तीन विशिष्ट कर्ण एकसंपाती आहेत, म्हणजे प या एकाच बिंदूत मिळतात. सुसम बहुभुजाकृतीचे कर्ण असे केव्हा एकत्र येतात या प्रश्नाचा विचार गेरिट बोल यांनी १९३६ साली केला आणि ब्यॉर्न पूनन व मायकेल रुबिन्स्टाइन यांनी १९९८ साली त्याचे पूर्ण विवेचन प्रसिद्ध केले. बाजूंची संख्या विषम असेल तर तीन कर्ण आकृतीच्या आत कधीच एका बिंदूत मिळत नाहीत, आणि ती सम असली तरी केंद्राखेरीज अन्य बिंदूत सातांहून अधिक कर्ण मिळत नाहीत. शालेय वाटणाऱ्या एका कोनाच्या प्रश्नामागे बीजगणिताची एवढी खोल रचना उभी आहे.

महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात भूमितीला गणिताच्या स्वतंत्र भागाचे स्थान आहे, आणि पक्ष, साध्य, रचना व सिद्धता या क्रमाने विचार मांडण्याची शिस्त विद्यार्थ्यांना तेथेच मिळते. या चारांपैकी ‘रचना’ ही पायरी मात्र अनेकदा पाठ केली जाते. कोणती रेषा काढायची हे पुस्तकाने आधीच सांगितलेले असते आणि ती का काढायची हा प्रश्न विचारला जात नाही. प्रस्तुत विषयाचा खरा उपयोग येथे आहे. समद्विभुज त्रिकोण आणि एकरूपता शिकलेला नववीचा विद्यार्थी या प्रश्नांना पूर्ण सज्ज असतो. त्याला नवे सूत्र लागत नाही, लागतो तो वेळ, स्वच्छ आकृती आणि चुकलेली रेषा पुसून दुसरी काढण्याचे स्वातंत्र्य.

म्हणून वाचकांना आणि विशेषतः शिक्षकांना अशी विनंती आहे की, पुढील प्रकरणांतील प्रत्येक प्रश्न प्रथम स्वतः आकृती काढून सोडवावा, कोनांच्या बेरजा कोठे अडतात ते कागदावर लिहून पाहावे, समान लांबी शोधाव्यात, आणि त्यानंतरच दिलेली सिद्धता वाचावी. विद्यार्थ्याने दिलेल्या सिद्धतेहून निराळी रचना शोधली आणि ती निर्दोष असली, तर तिला तेवढाच मान द्यावा, कारण या प्रश्नांना एकच राजमान्य मार्ग नाही. उत्तर मिळाल्यावर त्रिकोणमितीने ते पडताळून पाहण्यास काहीच हरकत नाही. मात्र सिद्धतेचा मान आधी भूमितीला द्यावा.